सैन्याच्या नावावर क्लास आणि हातात देणगीची पावती: साताऱ्यात गेलेले १,७१,३०० रुपये

सैन्याच्या सायबर विभागात थेट पोस्टिंग मिळवून देतो असं कोणी सांगितलं तर तिथल्या तिथे उठा. चौकशी करत बसू नका. चौकशीची सगळी उत्तरं त्यांची पाठ असतात. माझे १,७१,३०० रुपये गेलेत आणि मुलाचं ऐन उमेदीतलं एक वर्ष गेलंय. अकॅडमीचं नाव लिहिणार नाही, वकिलांनी तसं बजावलंय. बाकी सगळं लिहिते, कारण ही माणसं अजून पोरं गोळा करतायत.

आम्ही कोरेगाव तालुक्यातले. आमच्या ह्यांची पिठाची गिरणी आहे, मी पतसंस्थेत क्लार्क आहे. मुलगा साताऱ्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोग्रामिंगमध्ये चांगला, पण पुण्याच्या कंपन्यांचे इंटरव्ह्यू देऊन देऊन खचलेला. सासरे सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे घरात फौजेची ओढ आधीपासून. आमच्या जिल्ह्यात हे काही नवलाचं नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. इथे फौजी माणसाकडे कोणी कागद मागत नाही. तो बोलतो आणि आपण ऐकतो. अकॅडमीवाल्यांनी नेमकं हेच हेरलेलं होतं.

अकॅडमीच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या ब्लेझर घातलेले, छातीवर मेडलं लावलेले एक गृहस्थ समोर बसलेले. सगळे त्यांना सुभेदार साहेब म्हणत. ते खरंच सुभेदार होते की नाही, मला आजही माहीत नाही. "ताई, आता लढाई बंदुकीवर राहिलेली नाही, कॉम्प्युटरवर आलीय. फौजेला अशीच मुलं हवीत," म्हणाले. डिफेन्स सायबर एजन्सीबद्दलचं एक कात्रण काचेखाली लावून ठेवलेलं. ती एजन्सी खरी आहे. तिन्ही दलांची मिळून आहे आणि आधीच नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांची, जवानांची तिथे नेमणूक होते. एखाद्या क्लासमधून उचलून तिथे कोणाला बसवत नाहीत. पण ऑफिसात बसलेल्या आईबापांना हे कोण सांगणार? असल्या लोकांचं सगळं बोलणं खोटं नसतं. अर्धं खरं असतं, म्हणून तर माणूस अडकतो.

आता पैसे. नोंदणी फी ३,५०० फोनवरून पाठवली. "डिफेन्स सायबर सिक्युरिटी डिप्लोमा" ह्या कोर्सचे ८५,००० चेकने दिले, त्यासाठी मी आमच्याच संस्थेतून कर्ज काढलं. ट्रॅकसूट, बूट, बॅग ह्यांचे ४,८००. दोन महिन्यांनी "मेडिकल आणि फाइल चार्ज" म्हणून १८,०००. आणि शेवटी ६०,००० रोख, "सिक्युरिटी डिपॉझिट, जॉइनिंग झालं की परत" असं सांगून. हे साठ हजार गिरणीची नवी मोटर घ्यायला ठेवलेले होते. जुनी मोटर अजून तशीच घरघरतेय.

आता त्या पावतीबद्दल. पंच्याऐंशी हजारांचा चेक दिला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पावती फाडून दिली. वर अकॅडमीचं नाव नव्हतं, कुठल्याशा फाउंडेशनचं होतं. "तपशील" ह्या रकान्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं: "ऐच्छिक देणगी, परत मिळणार नाही." मी ते वाचलं. वाचून विचारलंसुद्धा, "ही फीची पावती आहे ना?" ती हसून म्हणाली, "मॅडम, आमचं ट्रस्टचं खातं आहे, टॅक्सचं असतं ते, सगळ्यांना अशीच देतो." मागे बाकीचे पालक रांगेत उभे. मुलगा शेजारी, त्याचा चेहरा कितीतरी महिन्यांनी खुललेला. सुभेदार साहेब खुर्चीतून उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून "शाब्बास जवान" म्हणत होते. मी पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली.

तो क्षण मला झोपू देत नाही. दिवसभर पावत्या तपासणं हेच माझं काम. ठेवीची पावती वेगळी, शेअर्सची वेगळी, देणगीची वेगळी, हे मला कोणी शिकवायला नको. ऑफिसात आता बोलतातच, "तुम्हाला तरी कळायला हवं होतं." त्यांना मी एवढंच सांगते की प्रश्न मी विचारला होता. उत्तर मिळालं होतं. समोरचा माणूस ब्लेझरवर मेडलं लावून बसलेला असताना पोराच्या देखत "हे कागद खोटे आहेत" असं किती आया म्हणतील, ते सांगा. शाळा-कॉलेजांत डोनेशन ह्या नावाखाली काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. फी म्हणून घेतात आणि देणगी म्हणून लिहितात. मलाही तसंच वाटलं.

डिप्लोमा म्हणजे काय तर यूट्यूबवर फुकट मिळणारे व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर आणि सकाळी धावणं. शेवटी हातात दिलं ते "ओ लेव्हल समकक्ष" प्रमाणपत्र. ओ लेव्हल ही नाइलिट ह्या सरकारी संस्थेची परीक्षा आहे आणि अग्निवीरच्या क्लार्क गटात त्याचे बोनस गुणही मिळतात. पण ते नाइलिटच्याच प्रमाणपत्राला. "समकक्ष" हा शब्द दिसला की तो कागद रद्दी समजा.

मग पीडीएफमध्ये जॉइनिंग लेटर आलं. शिक्का, अशोकस्तंभ, सगळं. आमचे चुलत दीर सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात आहेत, त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. "वहिनी, परीक्षा कधी दिली ह्याने? भरतीची रॅली कुठे झाली? परीक्षा नाही, रॅली नाही, मग लेटर कुठून आलं?" मी गप्प. ते पुढे म्हणाले, "आणि फौज ट्रेनिंगचे पैसे घेत नाही, देते." हे एक वाक्य वर्षभर आधी कानावर पडलं असतं तर एवढं लिहायची वेळ आली नसती.

अकॅडमीत गेलो तर सुभेदार साहेब सुट्टीवर. काउंटरवरची मुलगी बदललेली. "पुढच्या बॅचला होईल." नंतर "मूळ पावती जमा करा, रिफंडची फाइल करतो." मूळ पावती अजिबात देऊ नका. त्यांना तीच परत हवी असते.

पोलीस ठाण्यातलं सांगते. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या वेळी ठाणे अंमलदारांनी पावती बघितली आणि म्हणाले, "ह्यावर देणगी लिहिलंय. देणगी दिली तुम्ही. हे दिवाणी आहे, वकील करा." मी म्हटलं, पंच्याऐंशी हजारांची देणगी पतसंस्थेतला क्लार्क कर्ज काढून देईल का? त्यावर उत्तर नाही. मग म्हणाले, "साठ हजार रोख कशाचे? नोकरीसाठी पैसे दिले असतील तर तुम्हीही अडकाल." ही धमकी ऐकून किती लोक मुकाट्याने घरी गेले असतील! मी लाच दिलेली नाही. डिपॉझिट म्हणून दिले, परत मिळणार असं सांगून घेतले. सायबरच्या टेबलावर पाठवलं, तर तिथे "ऑनलाइन फक्त साडेतीन हजार गेलेत, बाकीचं आमच्याकडे येत नाही." फाउंडेशनचं खातं पुण्याच्या शाखेत, म्हणून "पुण्यात तक्रार करा." पुण्यात फोन केला तर "घटना साताऱ्याची." ट्रस्टचं काम बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात गेले, तर ते फक्त हिशेब बघतात. शिक्षण खात्यातल्या एका ऑफिसात विचारलं, तर खासगी अकॅडमीवर त्यांचं नियंत्रण नाही. मग नियंत्रण आहे कोणाचं? फ्लेक्स लागतो, त्यावर तिरंगा लागतो, फौजेचे फोटो लागतात, पोरांच्या आईबापांकडून लाखाने पैसे गोळा होतात आणि हे बघणं एकाही टेबलाचं काम नाही? आपण टॅक्स कशासाठी भरतो? पगार घेऊन बसलेला प्रत्येक जण समोरच्या दाराकडे बोट दाखवतो. त्या लोकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच पावतीवर देणगी छापतात. ती पावती त्यांनी माझ्यासाठी छापलेलीच नव्हती. पोलिसांना दाखवायला छापली होती.

शेवटी एका वकिलांनी रस्ता दाखवला. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, रजिस्टरने, पोच ठेवून. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय आहे. त्यानेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे, अर्जात जुन्या कायद्यातलं ४२० लिहून देऊ नका, तेवढ्यावरून परत पाठवतात. हद्दीचं कारण सांगत असतील तर झिरो एफआयआर घ्या म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायचा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, उद्यावर टाकू नका. ग्राहक आयोगातही जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही.

आता मुलांना खरे रस्ते काय आहेत ते सांगते. हे सगळं मला फसल्यावर कळलं. अग्निवीरचा ऑनलाइन अर्ज सैन्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर भरतात आणि परीक्षेचे उमेदवाराकडून २५० रुपये घेतात. अडीचशे! साताऱ्याची मुलं कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतात. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी असेल तर टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आहे. त्याला लेखी परीक्षा नाही, गुणांवरून निवडून एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखतीला बोलावतात आणि निवड झाली की सैन्याच्या अकॅडमीतल्या ट्रेनिंगमध्येच महिना ५६,१०० स्टायपेंड मिळतो. नुसत्या बी.एस्सी. कॉम्प्युटरवर तो कोर्स मिळत नाही. बी.एस्सी.ला अॅडमिशन घेतानाच हे कोणीतरी सांगायला हवं होतं. नौदलात आयटीसाठी शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकाऱ्यांची भरती निघते, त्यात बी.एस्सी. कॉम्प्युटरनंतर एमसीए केलेल्यांनाही संधी असते. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला यूपीएससीची सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा आहे, फी २०० रुपये. एसएसबीची तयारी नाशिक रोडच्या सरकारी छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात फुकट होते, राहण्या-जेवण्यासकट, चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. आणि कॉम्प्युटरचं पुढचं शिक्षण फौजच देते. सिग्नल्सच्या अधिकाऱ्यांना मध्य प्रदेशातल्या महूच्या लष्करी कॉलेजात शिकवतात, नोकरीत असताना, पगारावर.

मुलगा आता तेविसाव्या वर्षात आहे. अग्निवीरचं वय निघून गेलंय. सीडीएसचा फॉर्म भरलाय आणि एमसीएच्या सीईटीचा अभ्यासही चालू आहे. माझ्याशी तो फार बोलत नाही, चिडतही नाही. त्याला वाटतं त्याच्यामुळे घराचे पैसे गेले. त्याच्यामुळे नाही गेले, हे मी त्याला रोज सांगते.

अधीक्षकांकडचा अर्ज रजिस्टरने गेलाय, पोच आलीय. वकील म्हणतात, एकाच फाउंडेशनच्या देणगीच्या पावत्या जितक्या जास्त पालकांकडून जमतील तितकं "ही देणगी होती" हे टिकणं अवघड जाईल. माझ्यासोबत सध्या आणखी तिघे पालक आहेत, दोघे कोरेगावचे, एक वाईचे. ज्यांच्याकडे "ऐच्छिक देणगी" लिहिलेली पावती असेल त्यांनी लाजून गप्प बसू नका. मूळ प्रत कोणाला देऊ नका, झेरॉक्स काढा, चेकने दिले असतील तर बँकेतून खातेउतारा घ्या आणि रोख दिलेल्या रकमेची तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव आजच कागदावर लिहून ठेवा. माझ्यासोबतच्या तिघांपैकी एकाला ती तारीख आठवत नाही आणि अर्जात त्यांचे ४०,००० अजून धरता आलेले नाहीत.