कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड: एसडी एक्सप्रेससाठी थांबायचं, की सीएफएक्सप्रेस घ्यायचं?

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) पोचली की कॅमेऱ्याचं बटण दाबून धरणारे इंदुरात कमी नाहीत. २४ मेगापिक्सेलची रॉ, म्हणजे कच्ची, फाइल ३० एमबीची धरा. सेकंदाला २० फोटो म्हणजे ६०० एमबी. यूएचएस-२ या वेगवान प्रकारच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला ३१२ एमबी आहे. बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) तुंबतो आणि टँकरवरून रंगाचा फवारा सुटतो नेमका तेव्हा कॅमेरा हळू पडतो.

लग्नाच्या व्हिडिओला मात्र यूएचएस-२ पुरतं. ६०० मेगाबिटचं फोर-के म्हणजे सेकंदाला ७५ एमबी, आणि ‘व्ही९०’ छापलेलं कार्ड सलग किमान ९० एमबी लिहायची हमी देतं. पाकिटावरचा ठळक ‘३००’ बहुधा वाचनाचा वेग असतो. बघायचा तो व्हीपुढचा आकडा.

एसडी कार्डाचा पुढचा प्रकार, एसडी एक्सप्रेस, २०१८ मध्ये जाहीर झाला. पीसीआयई (संगणकातली वेगवान जोडणी) वापरून सेकंदाला ९८५ एमबी, आणि २०२० च्या आवृत्तीत कागदोपत्री जवळजवळ ४,००० एमबी! पण मेख अशी, की हे कार्ड आजच्या यूएचएस-२ कॅमेऱ्यात टाकलं तर जुन्या यूएचएस-१ च्या वेगावर उतरतं, म्हणजे फार तर १०४ एमबी. पिनांची दुसरी ओळ पीसीआयईने घेतलेली असते ना! २०२५ च्या निन्टेन्डो स्विच २ ने मायक्रोएसडी एक्सप्रेसला गिऱ्हाईक मिळवून दिलं, पण ते खेळांसाठी. कॅमेऱ्यासाठी थांबण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ६२४ एमबीचं यूएचएस-३ आलं होतं, त्यालाही कॅमेऱ्यांनी विचारलं नाही.

सीएफएक्सप्रेस हे एसडीहून वेगळं कार्ड; त्यातलं टाइप बी मला जास्त भरवशाचं वाटतं. २.० मध्ये कमाल २,००० एमबी, २०२३ च्या ४.० मध्ये दुप्पट, आणि ४.० चं कार्ड जुन्या स्लॉटमध्येही जुन्या वेगाने चालतं. आकार आधीच्या एक्सक्यूडी कार्डाचाच, म्हणून निकॉन झेड६ आणि झेड७ ला नुसत्या फर्मवेअर अपडेटने (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर बदलून) ही कार्डं चालू लागली. मोठ्या क्षमतेत कित्येकदा व्ही९० पेक्षा स्वस्तही पडतं. टाइप ए लहान आणि निम्म्या वेगाचं. सोनी वापरत असाल तरच त्याचा विचार करा.

नवा कॅमेरा घेणार असाल तर निकॉन झेड६ थ्रीसारखा, एक टाइप बी आणि एक यूएचएस-२ स्लॉट असलेला बघा. इंदुरात जेल रोडवर कार्डाचा भाव काढताना कार्ड रीडरचाही काढा: १० गिगाबिटच्या रीडरमधून सेकंदाला हजारेक एमबीच येतात, त्यावर ४.० कार्डाचे जादा पैसे वाया.