नेटवरचा नमुना की वकिलाने लिहिलेला करार?

डिचोलीत किंवा फोंड्यात छोटा व्यवसाय चालवणारे बाहेरच्या माणसाला काम देताना बहुतेकदा नेटवरचा तयार नमुना घेतात, नावं बदलतात आणि सह्या करतात. एसी दुरुस्ती, रंगकाम अशा कामांना तेवढं पुरतं. काम काय, पैसे किती, कधी द्यायचे हे स्पष्ट लिहा, झालं.

पण होमस्टेसाठी वेबसाइटचा मजकूर किंवा बुकिंगचं सॉफ्टवेअर करून घेत असाल, तर मी वकीलच सुचवेन. पूर्ण पैसे मोजले तरी हक्क लेखी सोपवल्याशिवाय अशा मजकुराचा कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. सोपवताना मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. गिऱ्हाईक परदेशातून येणाऱ्या आपल्या गोव्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

नमुन्यांत आणखी एक कलम हमखास असतं: काम संपल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कुणासाठी तेच काम करायचं नाही. कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्द ठरवणाऱ्या, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही. शिवाय कागदावर ‘कंत्राटदार’ लिहून वेळ, रजा, देखरेख सगळं तुम्हीच ठरवत असाल, तर न्यायालय कागदावरचा शब्द नाही, प्रत्यक्ष नातं मालक-नोकराचं आहे का ते बघतं.

वकिलाची फी जास्त, हे खरंच. म्हणून एकदाच नीट मसुदा करून घ्या आणि तशाच पुढच्या कामांना तोच वापरा. वाद कुठल्या न्यायालयात चालेल, तेही त्यात लिहून घ्या. काही नमुन्यांत तिथे दिल्ली असते.