विद्युत प्रयोगसंच: साहित्य उत्तम, पुस्तिका अपुरी

सांगलीच्या गणपती पेठेत घेतलेल्या या संचाचे खरे मोल त्यातील नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) तारेत आहे. १.५ व्होल्टच्या सेलला या तारेचा १० ओहम रोधाचा (प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा) तुकडा जोडला की प्रवाह मोजणारा अमीटर सुमारे ०.१५ अँपिअर दाखवतो आणि लांबी, आणि तिच्याबरोबर रोध, दुप्पट केली की प्रवाह जवळजवळ निम्मा होतो. प्रवाह म्हणजे विद्युतदाब भागिले रोध, हा भौतिकशास्त्रज्ञ ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम मग मुलांना घोकावा लागत नाही. विद्युतप्रवाहाने होकायंत्राची सुई वळते, हा भौतिकशास्त्रज्ञ ऑर्स्टेडचा १८२० मधील प्रयोगही सुरेख साधतो. पुस्तिका मात्र अपुरी आहे: प्रवाहाची संकेतमान्य दिशा इलेक्ट्रॉनांच्या वहनाच्या उलट असते, हे ती सांगत नाही. अमीटर थेट सेलला जोडू नये, ही अत्यावश्यक सूचनाही तिच्यात नाही. ही सूचना शिक्षकांनी आधीच द्यावी.