बेतण्याचे टेबल पक्के, खोलीचा बेत कच्चा

ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमच्या घराची दहा बाय नऊ फुटांची मागची खोली गेली अकरा वर्षे ‘शिवणाची खोली’ म्हणून ओळखली जाते. पण पलंगाखालच्या पेट्या, दारामागे टांगलेल्या पिशव्या आणि जमिनीवर गुडघे टेकून कापड बेतण्याची माझी सवय पाहता, तिला खोली म्हणणे हा निव्वळ शिष्टाचार होता. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावर दालन असलेल्या एका गृहसजावट व्यावसायिकाकडून मी ती संपूर्ण नव्याने करून घेतली. काम संपले तेव्हाच लिहिले असते, तर नव्या लाकडाच्या वासाच्या भरात पाचपैकी पाच गुण देऊन मोकळी झाले असते. आता गणपतीपासून पाडव्यापर्यंतच्या सणांची एक फेरी या खोलीतून पार पडली आहे आणि दुसरा पावसाळाही सुरू झाला आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. त्यांच्याशी झालेले काही वाद मिटले असून काही मिटायचे आहेत, त्यामुळे नाव देत नाही.

माझे काम हंगामी आहे, आणि खोलीचे मूल्यमापन त्याच अंगाने करायला हवे. संक्रांतीच्या आधी बोरन्हाणाची काळी झबली, पाडव्याला गुढीची खणाची वस्त्रे, भाद्रपदात गौरींच्या शिवलेल्या नऊवारी आणि कापडी मखरे, दिवाळीत खणाचे आकाशकंदील आणि तोरणे, असा साधारण क्रम असतो. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून घडीच्या कापडी मखराला जी मागणी आली, ती अजून ओसरलेली नाही. झबल्याला हातभर कापड पुरते, तर पाच पाखांचे मखर एकदा तरी पूर्ण उभे करून पाहावे लागते आणि त्यासाठी सहा फूट मोकळी जमीन लागते. म्हणजेच जानेवारीत जी खोली सोयीची, तीच ऑगस्टमध्ये अडचणीची ठरू शकते.

पहिल्या भेटीत आलेल्या डिझायनर मुलीने नम्रपणे सगळी मापे घेतली, टॅबवर चित्रे दाखवली आणि “काकू, या भिंतीला ओपन शेल्फ केले की तुमची कापडं किती सुंदर दिसतील!” असे सांगितले. कपाटे किती हवीत, सनमायकाचा रंग कोणता, जुने कपाट ठेवायचे की काढायचे, हे सारे तिने विचारले. मी कोणत्या महिन्यात काय शिवते, हे मात्र तिने विचारले नाही आणि ते आपण होऊन सांगायला हवे, हे मलाही सुचले नाही. या खोलीत पुढे जे काही चुकले, त्यातील बहुतेक गोष्टींचे मूळ त्या अर्ध्या तासात आहे.

जे उत्तम झाले, त्याचे श्रेय मात्र त्यांच्या मिस्त्रींना द्यायला हवे. आराखड्यात बेतण्याच्या टेबलाची उंची सरसकट तीस इंच धरलेली होती. मिस्त्रींनी कागद बाजूला ठेवला, मला भिंतीजवळ अनवाणी उभे केले आणि म्हणाले, “ताई, हातात कात्री आहे असं समजा आणि कोपर वाकवा.” वाकलेल्या कोपराखाली चार बोटे सोडून त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवर एक आडवी रेघ मारली. ती रेघ साडेचौतीस इंचांवर आली. तीस इंचांच्या टेबलावर उभ्याने कापड कापले की अर्ध्या तासात कंबर बोलू लागते, हे शिवणकाम करणाऱ्या कुणालाही सांगावे लागणार नाही. टेबल त्या रेघेवरच झाले. गेल्या दिवाळीत सलग चार दिवस मी त्यावर कंदिलांच्या पाकळ्या बेतल्या आणि पाचव्या दिवशी सकाळी कुणाचा हात न धरता अंथरुणातून उठले.

हे टेबल सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. 44 इंची पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, सुती कापड दुहेरी घडी घालून त्यावर आरामात पसरते, काठ लोंबत नाहीत आणि खडूची खूण सरकत नाही. टेबलाचा अर्धा भाग लांब पियानो बिजागरीवर खाली दुमडतो आणि उरलेला भाग चाकांवर भिंतीला जाऊन टेकतो, त्यामुळे मखरासाठी लागणारी सहा फूट जमीन दोन मिनिटांत मोकळी होते. चाकांना पक्के ब्रेक आहेत. कापताना टेबल हलत नाही. वरचा सनमायका पांढरा आणि बिनचकाकीचा घ्यावा, ही सूचनाही मिस्त्रींचीच होती. चकचकीत पृष्ठभागावर सॅटिनचे अस्तर बर्फावर ठेवल्यासारखे घसरते, आणि कंदिलाचे बकरम, म्हणजे आतले कडक कापड, चिकटवताना सांडलेला गोंद या पृष्ठभागावरून ओल्या फडक्याने निघून जातो. टेबलाच्या एका कडेला त्यांनी इंचांची स्टीलची पट्टी बसवून दिली आहे. तिचे वेगळे पैसे लावले नाहीत. संपूर्ण खर्चात या एका वस्तूचे पैसे पुरेपूर वसूल झाले, असे मी म्हणेन.

शिलाई यंत्राचा ओटा मात्र दोनदा करावा लागला. माझे यंत्र मोटर बसवलेले जुने, सपाट बैठकीचे आहे. ते ओट्यात खाली बसवून बैठक आणि ओटा एका पातळीत आणायचे, म्हणजे गौरीच्या नऊवारीचा घोळ सुईच्या डावीकडे टेकून राहतो आणि कापडाच्या वजनाने टीप वाकडी होत नाही, हे त्यांना लगेच समजले आणि खाच अचूक कापली गेली. परंतु 18 मिलिमीटरच्या प्लायवर पाच फुटांचा ओटा मधल्या आधाराशिवाय तोलल्यामुळे, यंत्र वेगात चालवले की सारा ओटा थरथरू लागे आणि टाचण्यांची डबी चालत चालत कडेपर्यंत येई. तक्रार केल्यावर आठ दिवसांनी मध्ये एक पाय बसवला गेला आणि थरथर थांबली. हा पाय आराखड्यातच असायला हवा होता.

प्रकाशाच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे, कारण ती चूक मला थेट भोगावी लागली. छतात त्यांनी उबदार पिवळसर दिवे बसवले. दिवाणखान्यात ते शोभून दिसतात यात शंका नाही. या दिव्यांखाली रामा आणि मोरपंखी रंगांची रिळे मला एकसारखी दिसली आणि गौरीच्या एका रामा रंगाच्या शेल्याला मी मोरपंखी दोऱ्याने गोठ घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीतल्या उजेडात ती टीप लांबूनही ओळखू येत होती. साडेचार मीटर गोठ उसवणीने उसवायला पूर्ण दुपार गेली आणि जरीच्या काठावर सुईची भोके राहिली ती राहिलीच. शिवाय यंत्र असे ठेवले गेले होते, की खिडकी माझ्या पाठीशी येत होती आणि दिवसाउजेडीही माझीच सावली सुईवर पडत होती. शिलाई यंत्राचा उभा खांब उजवीकडे असतो, त्यामुळे उजेड डावीकडून येणे सोयीचे, ही बाब शिवणाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते. शेवटी ओटा काटकोनात फिरवून घेतला, टेबलावर 6500 केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी एलईडी पट्टी आणि यंत्राच्या डाव्या अंगाला वाकणारा दिवा लावला. काळ्या झबल्यावर काळ्या दोऱ्याची टीप संक्रांतीत सरळ आली ती त्यामुळेच. या फेरबदलाचे 6,400 रुपये मलाच द्यावे लागले. ‘दिव्यांचा रंग ग्राहकाने मान्य केला होता,’ असे उत्तर मिळाले. चित्र पाहून मी मान डोलावली होती, हे खरे आहे.

उघड्या फळ्यांचे काय झाले, ते ठाण्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पाऊस धरला की येथे मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते. रस्त्याकडून येणारी धूळ, दमट हवा आणि दुपारी फळ्यांवर येणारे ऊन या तिन्हींचा मारा खणांच्या घड्यांवर झाला. सर्वांत वरच्या गुलाबी खणाचा घडीचा पट्टा तीन महिन्यांत फिकट पडला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येणारा हा खण पन्ह्याला अरुंद असतो, त्यामुळे फिकट पट्टा टाळून बेतायचे म्हटले तर कापड उरतच नाही. छिद्रांच्या फळीवर टांगलेल्या कात्र्यांच्या पात्यांवर ऑगस्टमध्येच तांबूस ठिपके आले. पुढे मी फळ्यांना सरकती दारे करून घेतली, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि सुती कापडांत कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरला. जरीच्या कापडाजवळ डांबरगोळ्या मी कधी ठेवत नाही. कसर लागण्यापूर्वी शहाणपण आले, एवढेच समाधान. खणाच्या कापडासाठी केलेले उथळ खण मात्र नेमके झाले आहेत. खणात खण ठेवला, या सासूबाईंच्या विनोदाला आता वर्ष होत आले, तरी त्या तो प्रत्येक पाहुण्यासमोर नव्याने करतात. हे खण चार इंच खोल आहेत, त्यामुळे घड्या एकावर एक न रचता उभ्या लावता येतात आणि हवा तो रंग वरून पाहूनच उचलता येतो.

दरपत्रकात ‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढेच लिहिलेले होते. माल आला त्या दिवशी मी फळीवरचा शिक्का वाचला, तर त्यावर आयएस 303 असे होते. ती साधी, सर्वसाधारण वापराची प्रत. उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या ‘मरीन’ प्रतीवर आयएस 710 असा शिक्का असतो. खिडकीखालच्या कपाटांना पावसाची झड लागते, म्हणून तिथे दुसरीच प्रत हवी, असा आग्रह मी धरला. दोन फोन आणि एका काहीशा चढ्या आवाजातील संभाषणानंतर खालच्या तीन कपाटांसाठी माल बदलून मिळाला, उरलेले काम पहिल्याच प्लायमध्ये झाले. यंदाच्या जूनमध्ये त्या तीन कपाटांची दारे नीट लागतात. दाराजवळचे उंच कपाट मात्र फुगून खालच्या कडेला घासू लागले आहे.

मुदत एकवीस दिवसांची ठरली होती, प्रत्यक्षात सेहेचाळीस दिवस लागले. त्यातले काही दिवस आमच्या सोसायटीच्या नियमांनी खाल्ले, कारण दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते आणि रविवारी कामच चालत नाही. पण हे नियम त्यांना पहिल्याच दिवशी लेखी दिलेले होते. काही दिवस घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत अडकलेल्या टेम्पोच्या नावावर गेले. काम एक जुलैला सुरू होऊन स्वातंत्र्यदिनाला संपले, तोवर मखरांच्या नऊ मागण्यांपैकी सहा मला परत कराव्या लागल्या होत्या. उरलेली तीन मखरे दिवाणखान्यातला सोफा उभा करून शिवली. ज्यांचे काम सणांवर चालते, त्यांनी असे काम होळी ते अक्षय्य तृतीयेच्या दरम्यान काढावे. त्या काळात पाडव्याच्या गुढीवस्त्रांखेरीज फारशी घाई नसते आणि लाकूडही कोरडे असते.

ठरलेली रक्कम 1,52,000 रुपये होती. ओट्याचा पाय त्यांनी स्वखर्चाने बसवला. दिवे, सरकती दारे आणि इस्त्रीसाठी टेबलाच्या उंचीवर हलवलेला प्लग धरून एकूण 1,71,300 रुपये झाले. हा प्लग मूळ आराखड्यात खणांच्या मागे, म्हणजे खण पूर्ण बाहेर काढल्याशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी दाखवलेला होता. रंगकाम चोख झाले. डेब्रिज त्यांनी स्वतः उचलून नेले आणि सोसायटीची अनामत रक्कम एक रुपयाही न कापता परत मिळाली, हेही नोंदवायला हवे.

सुतारकामाला मी पाचपैकी साडेचार, नियोजनाला दोन आणि वेळेला एक गुण देते. कुणी त्यांच्याकडे जाणार असेल, तर प्लायचा शिक्का, दिव्यांचा केल्विन आणि काम संपण्याची तारीख या तीन गोष्टी दरपत्रकात लिहून घ्याव्यात, बारा महिन्यांच्या कामांची यादी पहिल्याच भेटीत हातात ठेवावी, आणि उंचीची मापे दालनातल्या मुलीला न देता मिस्त्री घरी आल्यावर त्यांनाच घेऊ द्यावीत. घासणाऱ्या कपाटाची तक्रार मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदवली आहे. दुरुस्तीची लेखी हमी दोन वर्षांची आहे आणि माणूस ‘येत्या मंगळवारी’ येणार, असे आतापर्यंत दोनदा सांगण्यात आले आहे. तो आला की त्याच दिवशी यंदाच्या मखरांचे कापड बेतायला घ्यायचे आहे, कारण या वेळी मागण्या अकरा आहेत.