फायबरच्या जुन्या बोटीतील लपलेली कूज: ठोकून पाहावे, मीटर लावावे की भोक पाडावे?

वीस-पंचवीस वर्षे वापरलेली फायबरची बोट दुरुस्तीसाठी घेताना बहुतेकांचे लक्ष रंगाकडे, जेलकोटवरील (फायबरच्या सर्वांत बाहेरच्या चकचकीत थरावरील) तड्यांकडे आणि इंजिनाकडे जाते. फायबर कुजत नाही हे खरे आहे, परंतु या बोटींच्या अंगात लाकूड असते. आउटबोर्ड इंजिन ज्यावर बसवले जाते तो मागचा उभा भाग, म्हणजे ट्रान्सम, बहुधा फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड घालून केलेला असतो. तळाला ताठपणा देणारे लांब स्ट्रिंगर अनेकदा लाकडावर फायबर चढवून बनवलेले असतात, आणि पायाखालच्या डेकमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा हे हलके लाकूड असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपले की त्याला बाहेर पडण्याची वाट राहत नाही, आणि बोट वरून चकचकीत राहून आतून भुसभुशीत होत जाते.

कूज ही बुरशीची करणी आहे, आणि लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी तिला अधिक मानवते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात. ताडपत्री फाटलेली असेल आणि तळाचे बूच बंदच राहिले असेल, तर समुद्रात काढलेल्या दिवसांपेक्षा हे दोन महिने लाकडाला अधिक घातक ठरू शकतात. म्हणून बोट किती वर्षांची आहे याआधी ती पावसाळ्यात कशी ठेवली जात होती, हे विचारावे.

पहिली पद्धत ठोकून पाहण्याची. माठ घेताना आपण तो वाजवून घेतो, त्याच न्यायाने प्लास्टिकच्या लहान हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्समवर, स्ट्रिंगरवर आणि डेकवर दर दोन-तीन इंचांवर ठोकत जावे. लाकूड धड असेल तेथे आवाज खणखणीत येतो. ते कुजले असेल किंवा फायबरपासून सुटले असेल तेथे तो बद्द होतो. या पद्धतीला खर्च नाही आणि ती कोणत्याही ऋतूत चालते. मात्र जुन्या दुरुस्तीतील पुटी, आतून टेकलेली टाकी किंवा जाड झालेला थर यांमुळेही आवाज बदलतो. त्याहून मोठी मर्यादा अशी की लाकूड भिजले आहे पण अजून मऊ पडलेले नाही, अशी अवस्था हातोडीला सहसा कळत नाही.

ती अवस्था ओलावा मोजणारा मीटर पकडतो. येथे सुया टोचणारा मीटर उपयोगाचा नाही, कारण त्याला लाकडाचा थेट स्पर्श लागतो. पृष्ठभागावर नुसता टेकवायचा मीटर घ्यावा. त्यावरील आकडा फायबरमधून घेतलेला असल्यामुळे तो लाकडातील ओलाव्याची खरी टक्केवारी समजू नये. बोटीच्या वरच्या कोरड्या भागावर दिसलेला आकडा आणि ट्रान्समच्या खालच्या कडेचा आकडा यांतील फरकच काय तो बोलका असतो. पृष्ठभागावरचे मीठ, दव, तळाला लावलेला तांबेयुक्त रंग, मागे असलेला धातूचा भाग, या सर्वांमुळे आकडा फुगतो. म्हणून बोट गोड्या पाण्याने धुऊन काही दिवस सुकू द्यावी, आणि पावसाळ्यात ही तपासणी करूच नये.

मीटरची खरी फसगत मात्र उलट बाजूने होते. वर्षानुवर्षे छपराखाली पडून राहिलेल्या बोटीतील लाकूड आधीच कुजून नंतर वाळलेले असू शकते. तेथे मीटर निश्चिंत करणारा आकडा दाखवतो आणि हातोडी मात्र बद्द वाजते. हातोडी जे सोडते ते मीटर धरतो आणि मीटर जे सोडतो ते हातोडी धरते. त्यामुळे यांपैकी एकच निवडण्यात मला शहाणपण दिसत नाही. दोन्हींचा कौल जेथे वेगळा पडेल, तेथेच तिसरी पद्धत लागते.

तिसरी म्हणजे भोक पाडून पाहणे, आणि निर्णायक पुरावा हीच देते. ४-५ मिलिमीटरच्या ड्रिलने, शक्यतो आतल्या बाजूने आणि जितके खाली जाता येईल तितके खाली भोक घ्यावे. बाहेरचा थर फुटू नये म्हणून ड्रिलच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी. भुसा फिकट, कोरडा आणि सुटा आला तर लाकूड चांगले आहे. काळपट, ओला, आंबूस वासाचा लगदा आला तर शंकेला जागा उरत नाही. नंतर प्रत्येक भोक सुकवून दाट केलेल्या इपॉक्सीने (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने) बुजवावे, नाहीतर तपासणीच पुढच्या कुजीचे दार होईल.

उष्णतेचा कॅमेराही काही जण वापरतात. दिवसभर तापलेला ओला भाग संध्याकाळी उशिरा थंड होतो, हे त्यात दिसते. पण एका लहान बोटीसाठी तो खर्च मला पटत नाही.

बोट तुमचीच असेल आणि दुरुस्ती करायचीच असेल, तर ड्रिल घ्यायला कचरू नका. बोट अजून विकणाऱ्याची असेल, तर नवे भोक मागण्याऐवजी ट्रान्समवरचा सर्वांत खालचा स्क्रू आणि पाणी सोडण्याच्या बुचाची चकती त्याच्यासमोर काढून पाहण्याची परवानगी मागा. ती भोके आधीपासूनच आहेत, आणि पाणी बहुधा तेथूनच शिरते. शिवाय इंजिन वर उचलून त्याच्या पायावर अंगाचा भार द्या. ट्रान्सम नजरेला दिसेल इतका हलला किंवा त्याच्या कोपऱ्यांत तडे असले, तर मीटर आणण्याचीही गरज नाही. आणि मालकाने एक स्क्रूही काढू दिला नाही, तर ट्रान्सम पूर्ण बदलावा लागणार असे धरूनच किंमत सांगा.