अल्बेनियनसाठी गूगल ट्रान्सलेट: तिरानात छान, कोसोव्होत जपून

छापील मजकुरासाठी उत्तम. मेनू, औषधाची चिठ्ठी, बसचं वेळापत्रक यांचा कॅमेऱ्यातून अर्थ लागतो. निघण्यापूर्वी अल्बेनियन फाइल डाउनलोड करून ठेवा.

खरी अडचण बोलीची. १९७२ साली ठरलेली प्रमाणभाषा मुख्यतः दक्षिणेकडच्या तोस्क बोलीवर बेतलेली आहे. कोसोव्होत आणि उत्तर अल्बेनियात लोक गेग बोलतात. ‘काम करणं’ प्रमाणभाषेत ‘पर त पुनुआर’, गेगमध्ये ‘मे पुनूए’. क्रियापदाचा साचाच वेगळा, म्हणून बोललेल्या वाक्यांवर फार विसंबू नका. समोरच्याला टाइप करायला सांगा. तिथेही एक खोच आहे: घाईत लोक रोमन ‘ई’वरचे दोन ठिपके (ë) आणि ‘सी’खालची शेपटी (ç) गाळतात. भाषांतर विचित्र वाटलं तर अल्बेनियन कीबोर्डवर ती अक्षरं भरून पुन्हा पाहा.

मराठीतून थेट भाषांतर करताना ‘तुम्ही’चं ‘ती’ (म्हणजे तू) होत नाही ना, हे तपासा, ‘यू’ हवं.

सर्बियन आणि मॅसेडोनियनही फोनमध्ये घ्याच. कोसोव्होतल्या सर्बबहुल उत्तर मित्रोवित्सात अल्बेनियन उपयोगाची नाही, उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत, बऱ्याच पाट्या सिरिलिक लिपीत असतात. कोसोव्होतल्याच प्रिझरेनमध्ये तुर्कीही चालते.