दादरचा रविवारचा खगोल वर्ग: तरुण ग्रहांच्या कक्षा, चार रविवार, माझा रिव्ह्यू

फी १२०० रुपये, चार रविवार, सकाळी १० ते १, दादर वेस्टला एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर. मी डोंबिवलीहून जायचो, येताना दरवेळी मेगाब्लॉक, तरी एकही रविवार चुकवला नाही. विषय एकच, दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या तरुण ग्रहांच्या कक्षा तारा स्वतःभोवती फिरतो त्याच पातळीत, म्हणजे सरळ, आहेत की तिरक्या आणि ते इथे बसून मोजायचं कसं. घरचे म्हणाले एवढ्यासाठी चार रविवार? मलाही आधी तेच वाटलं होतं, पण खरं सांगतो, चार कमी पडले.

सगळ्यात भारी पहिला दिवस. सरांनी दिवाळीचा आकाशकंदील आणलेला, डाव्या अर्ध्या भागाला निळा जिलेटिन पेपर, उजव्याला लाल, आत बल्ब. हा तारा. तारा स्वतःभोवती फिरतो म्हणजे त्याची एक बाजू आपल्याकडे येते, तिचा प्रकाश जरासा निळ्याकडे सरकतो, दुसरी लांब जाते, तिचा लालकडे. मग पट्टीला चिकटवलेली कॅरमची सोंगटी, म्हणजे ग्रह, डावीकडून समोरून न्यायला लागले आणि विचारलं, आता तारा कसा दिसेल? आम्ही सगळे ओरडलो, निळा! सर गप्प. माझ्या शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "अहो झाकलं निळं, मग उरलं लालच ना." बस, तिथेच डोक्यात बसलं. ग्रह निळी बाजू झाकतो तेव्हा तारा आपल्यापासून लांब चालल्यासारखा वाटतो, लाल बाजूवर गेला की उलटं. म्हणजे कक्षा सरळ असेल तर ताऱ्याच्या लांब जाण्याच्या वेगाच्या ग्राफमध्ये आधी चढ मग उतार, ग्रह उलटा फिरत असेल तर आधी उतार मग चढ, आणि सोंगटी तिरकी नेऊन फक्त लाल भागावरूनच फिरवली तर नुसताच उतार. यालाच रॉसिटर-मॅक्लॉफलिन इफेक्ट म्हणतात, १९२४ मध्ये जोडताऱ्यांवर सापडलेला, ग्रहासाठी पहिल्यांदा २००० साली वापरला गेला.

मग सरांनी कंदील वरून आमच्याकडे झुकवला, आणि रंगांची मधली रेघ होती तशीच उभी! म्हणजे ही पद्धत आकाशाच्या प्रतलात दिसणारा कोनच देते, तारा आपल्याकडे किती कललाय ते वेगळं काढावं लागतं, ताऱ्याचा फिरण्याचा काळ आणि वर्णपटातला वेग जुळवून. हे इतकं साफ मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तरुणच ग्रह का, हा दुसरा रविवार. तारा आणि त्याच्याभोवतीची, ग्रह जिच्यातून बनतात ती वायू-धुळीची चकती एकाच ढगातून बनतात, त्यामुळे सगळं एका पातळीत असायला हवं, आपला सूर्यसुद्धा ७ अंशांच्या आसपासच कललाय. पण वॅस्प-१७ ताऱ्याच्या ग्रहासारखे काही तप्त गुरू, म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणारे गुरूसारखे मोठे ग्रह, चक्क उलटे फिरतात. हा वाकडेपणा जन्मापासूनचा की नंतर दुसऱ्या ग्रहाच्या किंवा जोडताऱ्याच्या ओढीने आला, हे म्हाताऱ्या ताऱ्याकडे बघून कळत नाही, शिवाय भरती-ओहोटीच्या बलांनी काही कक्षा पुढे सरळही होऊ शकतात. म्हणून बाळं शोधायची. एयू मायक्रोस्कोपी हा तारा ३२ प्रकाशवर्षांवर, वय साधारण २.२ कोटी वर्षं, सूर्य ४६ वर्षांचा गृहस्थ धरला तर हा अडीच-पावणेतीन महिन्यांचा तान्हा. त्याचा आतला ग्रह साडेआठ दिवसांत फेरी मारतो आणि कक्षा सरळ निघाली. हिप ६७५२२ या ताऱ्याचा १.७ कोटी वर्षांचा ग्रहही सरळ, डीएस टुकाने ताऱ्याचाही जवळपास सरळच. पण केपलर-६३ चा ग्रह, वय २० कोटींच्या आसपास, जवळजवळ ताऱ्याच्या ध्रुवांवरून जातो! आणि २०२४ मध्ये जाहीर झालेला, आयआरएएस ०४१२५ नावाच्या ताऱ्याचा ग्रह तर जेमतेम ३० लाख वर्षांचा, तिथे ग्रहाची कक्षा आपल्याला काठावरून दिसते पण बाहेरची चकतीच वाकडी आहे. हे ऐकून वर्गात दोन मिनिटं कुणी बोललंच नाही.

तिसऱ्या रविवारी ग्राफ पेपरवर हाताने बिंदू मांडले. पेन्सिलला दोनदा टोक करावं लागलं इतके बिंदू, आणि ते चढ-उताराच्या नीट रेषेवर येतच नाहीत, कारण तरुण ताऱ्यावर डाग जास्त, भडके जास्त, तो स्वतःच वेग बदलल्यासारखा दाखवतो. एयू मायक्रोस्कोपी पाच दिवसांच्या आत गिरकी घेतो. गंमत अशी की तारा भरभर फिरतो म्हणून ग्राफमधली चढ-उताराची खूण मोठी दिसते आणि त्याच तरुणपणामुळे गोंगाटही मोठा. त्याच्या ग्रहाचा ट्रान्झिट, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणं, साडेतीन तासांचा, तेवढ्यात सगळं उरकायचं, ढग आले तर पुढची संधी साडेआठ दिवसांनी, तीही दुर्बीण आहे तिथे रात्र असेल तरच.

तक्रार एकच पण मोठी, चौथा रविवार. टेस दुर्बिणीचा फुकट डेटा आपण स्वतः उघडून बघणार होतो, वायफाय एवढा स्लो की तासभर गोल चकरीच फिरत राहिली, आणि ताऱ्यावरच्या डागांचा परिणाम वजा कसा करायचा हा खरा महत्त्वाचा भाग शेवटच्या २० मिनिटांत उरकला. मला तेच शिकायचं होतं. आयोजकांना सांगितलं, पुढच्या बॅचला डेटा आधीच पेनड्राइव्हवर देऊ म्हणाले, ते करायलाच हवं.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन या, बिनधास्त, आमच्यात तीन होती आणि प्रश्न त्यांचेच चांगले होते. पट्टी आणि पेन्सिल घरून न्या, आणि दुसऱ्या रांगेत मधोमध बसा, कडेला बसलं की कंदिलाचे दोन रंग सारखे दिसत नाहीत.